पालोमाची हजेरी

सॅन होजे, १८ ऑगस्ट

दुआर्त,

फोन करणार होते, पण तुझ्या फोनवर आधी एक यंत्र येतं आणि माझं काम काय आहे ते मला विचारतं. ईमेल करावा, तर नाताळात तूच सांगितलंस की आलेल्या प्रत्येक ईमेलचा तीन ओळींत सारांश करून ते यंत्र तुला वाढतं. माझा सारांश होत नाही. म्हणून हे कागदावर, तुझ्या ऑस्टिनच्या घरच्या पत्त्यावर. अक्षर लागेल. कॉन्व्हेंटात सिस्टर इमाक्युलाताच्या पट्टीखाली बारा वर्षं घोटलंय ते.

इव्होनमावशीबद्दल लिहितेय. तीच, जिच्या ईस्टरच्या गोड पावातलं अंडं तू दरवर्षी पळवायचास. तिचा आजार तुला ठाऊक आहे. स्नायू एकेक करून सोडून चाललेत. हात गेले, पाय गेले, गेल्या वर्षी वाचा गेली. उजवा गाल तेवढा तिच्या हुकमात उरलाय आणि त्या गालावर तुमच्या कंपनीचा पालोमा चालतो. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळतात, हवं ते आलं की ती गाल हलवते, वाक्य जुळलं की पालोमा ते बोलतो. एका वाक्याला चार मिनिटं लागतात. पण वाक्य तिचं असतं.

गेल्या आठवड्यात तुमच्या हार्लोवेस्ट कंपनीचं पत्र आलं. तीस सप्टेंबरपासून पालोमाची सेवा बंद. दुरुस्ती नाही, सुटे भाग नाहीत, बॅटरी नाही. 'आपल्यासोबतच्या सुंदर प्रवासाबद्दल आभार.' तिच्या पालोमाची बॅटरी आता चाळीस मिनिटं टिकते आणि दर आठवड्याला कमी होतेय. ती मेली की वायर जोडूनही यंत्र उघडत नाही आणि दुसऱ्या कुणाची बॅटरी ते ओळखत नाही. हे तुला माहीत आहे. पण मी एकतीस वर्षं तुमच्याच मदत विभागात बसून लोकांना हे सांगितलंय, सवय जात नाही.

मी माझ्याच जुन्या नंबरावर फोन केला. हेलन नावाची कृत्रिम बाई आली. "तुमची अडचण मी समजू शकते," म्हणाली. मी विचारलं, "तुझी बॅटरी कधी संपली होती का गं?" ती म्हणाली, "छान प्रश्न विचारलात." मग तिने लुमा घ्यायला सुचवलं, तुमचा नवा, एआयवाला.

लुमा आम्ही बघितलाय. हॉस्पिटलने इव्होनला महिनाभर वापरायला दिला होता. डॉक्टर थाओंनी विचारलं, श्वास कमी पडत चाललाय, पुढे घशात नळी बसवून श्वासाचं यंत्र लावायचं की नाही? इव्होनने 'नळी' एवढंच लिहिलं. पुढचं लुमाने मधाळ आवाजात स्वतःच म्हटलं, "नळीबद्दल माझे कुटुंबीय जे ठरवतील ते मला मान्य आहे. आपल्या काळजीबद्दल धन्यवाद." डॉक्टरांनी लिहून घेतलं. इव्होनचा गाल थांबा, थांबा म्हणून उडत होता, तर लुमा म्हणाला, "तुमचाही दिवस छान जावो."

आयुष्यात इव्होनने कुणाचा दिवस छान जावो असं म्हटलेलं नाही.

कुटुंबीय म्हणजे रेनाटो, तिचा फ्रेस्नोचा मुलगा, सहा वर्षांत दोनदा आलेला. मी हॉस्पिटलात आवाज चढवला म्हणून आता १७ ऑक्टोबरला त्यांची समिती बसणार आहे. तिथे इव्होनने स्वतःच्या शब्दांत सांगायचं. सांगता आलं नाही तर रेनाटो ठरवणार. मी म्हटलं, कागदावर अक्षरं लिहिते, बोट फिरवते, ती गाल हलवेल. तिथली बाई म्हणाली, "मिस फुर्तादो, मग शब्द कुणाचे? तिचे की तुमचे?" ऐकलंस ना?

तिला काय म्हणायचंय ते मला ठाऊक आहे. तिला नळी नको. शाळेपासून मी तिची वाक्यं पुरी करतेय, मला नाही कळणार तर कुणाला? पण त्यांना तिच्याकडून हवंय, तर तिच्याकडून होऊ दे.

दोन बॅटऱ्या पाठव. तू सेवा विभागाचा प्रमुख आहेस, आणि स्क्रू फिरवायला तू माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकलास.

आत्या


ऑस्टिन, २७ ऑगस्ट

प्रिय आत्या,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. इव्होनमावशीला माझी आठवण सांग.

बॅटऱ्या आहेत, दीड हजार. मलेशियात तयार होऊन जहाजावर चढल्या आणि त्या वाटेत असताना वॉशिंग्टनने आयात शुल्क वाढवलं. मग थांबवलं, मग पुन्हा वाढवलं. आता त्या ओकलंड बंदरावर सरकारी कुलपाच्या गोदामात पडून आहेत. शुल्क भरल्याशिवाय पेटी बाहेर येत नाही आणि कंपनी भरायला तयार नाही, कारण सगळ्या देशात मिळून फक्त तीनशे चाळीस पालोमा वापरात आहेत. तेवढ्यासाठी हे परवडत नाही, असा निर्णय वरून आला.

तू रागावशील, पण इथली परिस्थितीही बघ. एआयमध्ये आम्ही दोन वर्षं मागे पडलो. लुमा उशिरा आला, आणि त्याच्यासाठी जुन्या वस्तूंवरची माणसं उचलावी लागली. तुझ्या वेळी मदत विभागात साठ जण होते. आता चौघं आहेत आणि हेलन.

लुमा तितका वाईट नाही. वाक्य आपणहून पुरं करण्याची सोय बंद करता येईल, अशी सुधारणा जानेवारीत येतेय.

मी प्रयत्न करतो. तब्येतीला जप.

तुझा,
दुआर्त


सॅन होजे, ४ सप्टेंबर

श्री. दुआर्त जी. फुर्तादो यांस,

जानेवारी ही ऑक्टोबरनंतर येते. आमच्या वेळी हे पहिलीत शिकवत.

तुझं पत्र मी इव्होनला वाचून दाखवलं. तिने सहा मिनिटं घेतली आणि विचारलं, "वर कोण राहतं?" मला उत्तर माहीत नव्हतं. आता आहे.

काल शेजारच्या कॉनीच्या गाडीतून ओकलंडला गेले. गोदामाच्या फाटकावर सिओने नावाचा टोंगा बेटांवरचा पहारेकरी आहे, दरवाजाएवढा. मी म्हटलं, हार्लोवेस्टचा माल बघायचाय.

"मॅडम, बघण्यासारखं काही नाही. खोकी आहेत."

"मी एकतीस वर्षं त्या खोक्यांवरच जगलेय बाळा, मला बघू दे."

आत सोडलं नाही, ते त्याच्या हातात नाही. पण मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि फाटकाशेजारच्या फळ्यावर कागद लावलाय तो वाचायला त्याची हरकत नव्हती. दीड हजार बॅटऱ्या, १४ ऑक्टोबर, सरकारी अधिकाऱ्यासमोर नष्ट करणे. कारण: यंत्र वापरात नाही. नष्ट केल्या की शुल्क भरावं लागत नाही, हे सिओनेने समजावलं. म्हणजे समितीच्या तीन दिवस आधी त्या चिरडणार. खाली सही आहे. त्या सहीतला डी पोट पुढे काढून उभा आहे. तो डी मीच तुझ्याकडून घोटून घेतला होता.

तर वर तू राहतोस.

आणि तीनशे चाळीस कुणी मोजले? आमच्या एका फाइव्ह वून्ड्स चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेला सहा पालोमा असतात. या मोठ्या देशातले दर पन्नासातले एक सॅन होजेच्या एकाच चर्चमध्ये येतात का? आमच्या पाद्र्याचं प्रवचन इतकं चांगलं नाही.

देओलिंदा फुर्तादो


ऑस्टिन, ९ सप्टेंबर

आत्या,

सही माझी आहे. 'वरून' हा शब्द मी घाबरून लिहिला.

तू विचारलंस कुणी मोजले, तर ऐक. हे तुला सांगायचं मी जूनपासून टाळतोय.

माणूस मोजत नाही. प्रत्येक यंत्र रोज सकाळी इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी देतं. दीड वर्ष हजेरी आली नाही की ते यंत्र मेलं असं धरतात. लुमाचे आकडे याच पद्धतीने निघतात आणि पालोमाचेही. हजेरी देणारे पालोमा तीनशे चाळीस.

जूनमध्ये सही करण्यापूर्वी मला ते कमी वाटले. तुझ्यासारखंच. म्हणून दुरुस्तीसाठी परत आलेली काही यंत्रं मी स्वतः उघडली. जवळजवळ प्रत्येकाच्या झाकणाच्या आत एक पिवळं कार्ड चिकटवलेलं होतं. 'पालोमाला इंटरनेट कधीही जोडू नका. जोडलेलं असेल तर आजच काढा. दे. फुर्तादो, मदत विभाग.'

आत्या, तू ही कार्डं किती वर्षं लावलीस? ती यंत्रं चालू आहेत, लोक त्यांवर बोलतायत, पण आमच्या दृष्टीने ती केव्हाच मेली. तुझं ऐकणारी सगळी.

मी ते वर कळवलं नाही. मनाला सांगितलं, तुझं नाव यात ओढलं जायला नको. खरं म्हणजे तो छोटा आकडा सगळ्यांच्या सोयीचा होता, माझ्याही. बैठक वीस मिनिटांत संपली. सही केली आणि जेवायला गेलो.

आता रागाव.

दुआर्त


सॅन होजे, १३ सप्टेंबर

दुआर्त,

दोन दिवस मी पत्राला हात लावला नाही.

मार्च २०१४. रात्रीतून सगळ्या पालोमांवर तुम्ही नवं सॉफ्टवेअर चढवलंत आणि लोकांनी साठवलेली वाक्यं पुसली गेली. सकाळी फोन सुरू झाले ते तीन दिवस थांबेनात. मोडेस्टोच्या एका म्हाताऱ्याने बायकोला मारायची हाक पालोमात साठवली होती, तिचं लाडाचं नाव, एका गालाच्या हालचालीत निघेल अशी. ती हाक पुसली गेली. पुन्हा लिहायला त्याला अख्खी दुपार लागली. मी त्याच्याबरोबर फोनवर बसले होते. वरिष्ठ म्हणाले, माफीचं पत्र टाका. मी छापखान्यात जाऊन पिवळी कार्डं छापून आणली आणि निवृत्त होईपर्यंत, सात वर्षं, दुरुस्त होऊन जाणाऱ्या प्रत्येक यंत्रात स्वतः लावली. कुणाला विचारलं नाही. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे, हीच पंचाईत आहे.

म्हणजे मीच त्यांना पटावरून काढलं.

इव्होनला सांगितलं. ती हसली. गाल हलला तर पालोमाने 'झझझ' असं काहीतरी म्हटलं. बॅटरी आता एकोणीस मिनिटं टिकते आणि मग दोन तास भरावी लागते, तोवर यंत्र मुकं, म्हणून हसणं तिला महाग पडतं.

आता माझं ऐक. माझ्याकडे बुटांच्या खोक्यात चारशे बारा नाताळची कार्डं आहेत. पालोमावाल्यांनी मला पाठवलेली, पत्ते आणि फोन नंबरांसकट. मी प्रत्येकाला लिहिणार आहे की ५ ऑक्टोबरच्या रविवारी सकाळी पालोमा इंटरनेटला जोडा, आणि तुमच्या ओळखीच्या प्रत्येक पालोमावाल्याला सांगा. एका सकाळी सगळ्यांनी हजेरी द्यायची. मग बघू कोण मेलंय.

पण जोडलं की तुमचं नवं सॉफ्टवेअर त्यांच्यावर चढेल ना? ते, दिवस छान जावोवालं? तसं असेल तर त्या सगळ्यांची जीभ मी माझ्या हाताने कापून देतेय. दुसऱ्यांदा ते व्हायला नको. सकाळी सहा ते दुपारी बारा तू ते थांबवू शकतोस का?

हो किंवा नाही लिही. मधलं काही लिहू नकोस.

आत्या


ऑस्टिन, १८ सप्टेंबर

आत्या,

हो.

(हे मधलं नाही, नंतरचं आहे. थांबवण्याची कळ माझ्या हातात आहे, पण ती फिरवली की तिची नोंद होते, आणि सोमवारी मला जाब विचारला जाईल. त्याआधीच कुणाच्या लक्षात आलं तर माझ्याकडून ती काढून घेतील. म्हणून शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी तुला फोन करेन. यंत्र नाही, मी. फोन आला नाही तर तू सगळ्यांना कळव की जोडू नका.)

दुआर्त


सॅन होजे, १ ऑक्टोबर

दुआर्त,

चारशे बारा पत्रं गेली. दुपारच्या जपमाळेनंतर चर्चच्या तळघरात आठ बायका बसायच्या. मी मजकूर सांगायची, त्या लिहायच्या. कॉनी म्हणाली, "देओ, छापून का नाही आणत?" म्हटलं, छापलेलं माझ्या हातचं एकदा लोकांच्या घरी गेलंय, ते पुरे झालं. शनिवारी तुझा फोन आला नाही तर प्रत्येकीने पन्नासेक घरी फोन करायचे, तेही वाटून दिलंय.

उत्तरं येतायत. बेकर्सफील्डच्या एका बाईने त्यांच्या वाचा-शिक्षिकेला सांगितलं, तिच्याकडे तीस जण आहेत. मेन राज्यातून एकाने लिहिलंय, 'मी मेलोय हे बायकोला सांगू नका, ती लगेच कपाट आवरायला घेईल.' पण मोडेस्टोहून मुलीचं कार्ड आलं, वडील दोन वर्षांपूर्वी गेले, पालोमा कपाटात आहे, चालतो, जोडू का? मी लिहिलं, नको. जिवंतच मोजायचे.

रविवारी रेनाटो आला होता. सोबत फुलं, चॉकलेट आणि वकिलाचा कागद. मी त्याला दारातच म्हटलं, "चॉकलेट कुणाला आणलंस? तिला गिळता येत नाही हे वर्षाचं झालं." तो लाल झाला. म्हणाला, "देओमावशी, मला तिला जाऊ द्यायचं नाहीये, एवढंच." मी म्हटलं, "तुला काय हवंय हा प्रश्नच नाही." तो गाडीत जाऊन बसला आणि बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

तो गेल्यावर इव्होनने लिहायला घेतलं. 'देओ, मला' इथवर आली आणि बॅटरी गेली. अकरा मिनिटं टिकली फक्त. मी म्हटलं, "समजलं गं मला, राहू दे, दमू नकोस." तिचा गाल थोडा वेळ उडत राहिला.

समितीत अकरा मिनिटांत तिची तीन वाक्यंही होणार नाहीत. रविवार जमला तरी त्या पेट्या १७ तारखेच्या आत कशा सुटणार, हे तू लिहिलेलं नाहीस. मी मुद्दाम विचारलं नव्हतं. आता विचारतेय.

तिच्या पालोमालाही रविवारी जोडायचं का, असं मी तिला विचारलं. नाही जोडला तरी चालेल, एकाने काय फरक पडतो, असंही म्हटलं. तिने लिहिलं, "जोड."

शनिवारी पाचला मी फोनशेजारी बसेन.

आत्या


ऑस्टिन, ६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

शनिवारी पाचला फोनवर मी 'जोडा' एवढंच म्हणालो. आता सगळं लिहितो.

रविवारी सहाला ऑफिसात एकटाच होतो. पडद्यावर तीनशे चाळीस. सव्वासहापर्यंत तीनशे चाळीसच. मला वाटलं, संपलं. मग मेन, फ्लोरिडा, ओहायो, जिथे आधीच उजाडलं होतं तिथून यंत्रं हजेरी द्यायला लागली. सातला आठशे. नऊ वाजता कॅलिफोर्नियाची सुरू झाली ती थांबेनात. त्यांतली काही आठ वर्षांपूर्वी मेलेली होती. बारा वाजता एक हजार नऊशे सहा.

बाराला मला कळ परत फिरवायची होती. पण अजून येतच होती, आणि जी जोडलेली होती ती सगळी काढली गेली का ते कळत नव्हतं. मी वीस मिनिटं जास्त थांबलो. तेवढ्यात कुणीतरी पाहिलं. आज सकाळी दहाला मला बोलावलं. मी दोन कागद टेबलावर ठेवले: हजेरीचा आकडा आणि पिवळं कार्ड. कार्डाबद्दल मला जूनपासून माहीत होतं हेही सांगितलं. मग एक जण म्हणाला, "म्हणजे हे लोक आमचं ऐकत नाहीत, पण निवृत्त झालेल्या एका बाईचं ऐकतात?" मी म्हटलं, "हो, साहेब."

बॅटऱ्या नष्ट करण्याचा हुकूम त्यांनी थांबवलाय. पालोमाची सेवा जूनपर्यंत चालू राहील. मला घरी पाठवलंय. माझं ओळखपत्र दारातच घेतलं.

तुझा प्रश्न बरोबर होता. पेट्या सुटायला महिना लागेल. पण मालकाला कुलपातल्या मालाचे दोन नग तपासणीसाठी नमुना म्हणून काढता येतात. त्यासाठी सेवा प्रमुखाची सही लागते. आज सकाळपर्यंत सेवा प्रमुख मी होतो, आणि शुक्रवारी मी ती केली. कागद ओकलंडच्या फाटकावर पोचलाय, नमुना नेणाऱ्याच्या रकान्यात तुझं नाव आहे. ओळखीचा पुरावा घेऊन जा. सिओनेला खुर्चीबद्दल माझे आभार सांग.

तपासणीचा अहवाल मात्र पाठवावा लागेल. तो तू लिही. तुला जमेल.

दुआर्त


सॅन होजे, १९ ऑक्टोबर

दुआर्त,

अहवाल सोबत जोडलाय. 'दोन्ही नमुने उत्तम. सदतीस मिनिटांच्या अखंड वापरानंतर बॅटरीत भरपूर जीव शिल्लक.' त्या सदतीस मिनिटांबद्दल लिहायला बसलेय.

समितीत पाच जण होते. डॉक्टर थाओ, ती माझ्याकडे संशयाने बघणारी 'शब्द कुणाचे' बाई, आणखी तिघं. एका बाजूला रेनाटो, त्याच्या मांडीवर वकिलाचा कागद. दुसऱ्या बाजूला मी, माझ्या पिशवीत तीन पानी निवेदन, इव्होनला नळी का नको याची सात कारणं.

डॉक्टरांनी प्रश्न विचारला. इव्होनने सुरुवात केली. खोलीत अक्षरं सरकण्याचा टिकटिक आवाज तेवढा. पाच मिनिटं झाली, समितीतला एक जण घड्याळ बघायला लागला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तिला असं म्हणायचंय की..."

पालोमा बोलला. "देओ, गप्प."

पहिल्या पाच मिनिटांत तिने तेच लिहून तयार ठेवलं होतं, दुआर्त. मी तोंड उघडेपर्यंत थांबली होती. ती मला ओळखते.

मी गप्प बसले. मी आयुष्यात इतका वेळ गप्प बसलेले नाही, सिस्टर इमाक्युलाताच्या वर्गातसुद्धा नाही. मग पालोमा म्हणाला, "नळी बसवा."

मला वाटलं, अजून वाक्य पुरं व्हायचंय. नको हा शब्द यायचाय. मी वाट बघत राहिले. डॉक्टर थाओंनी विचारलं, "तुम्हाला नळी हवी आहे, असंच ना?" ती म्हणाली, "हो. हवी." आणि मग पुष्कळ वेळ घेऊन, एकेक अक्षर, "रेनाटोला मी अजून माफ केलेलं नाही. त्याला वेळ लागेल."

रेनाटो सगळ्यांसमोर रडला, चेहरा न झाकता. वकिलाचा कागद खाली पडला, तो मीच उचलून घडी करून त्याला दिला. माझे तीन कागद पिशवीतच राहिले.

मी ऑगस्टपासून तुला लिहितेय की तिला नळी नको. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी 'देओ, मला' इथे बॅटरी गेली, तेव्हा तिला काय म्हणायचं होतं ते काल विचारलं. ती म्हणाली, "जगायचंय. तू ऐकत नव्हतीस."

नळी मंगळवारी बसवतील. तू घरीच बसलायस तर इथे ये. स्वयंपाकघरातलं टेबल आहे तिथेच आहे, आणि चर्चमधल्या सहांपैकी दोघांचे पालोमा खरखर करतायत.

आत्या


सॅन होजे, ९ नोव्हेंबर

दुआर्त,

हे मी लिहितेय. देओ नाही. पत्राला चार दिवस लागले.

बॅटरीबद्दल धन्यवाद. सही केलीस ते वाईट. दुसरी केलीस ते चांगलं. दोन्ही लक्षात ठेवते.

नळी दुखते. यंत्र फार आवाज करतं. तरी बरं आहे.

रेनाटो आता दर शनिवारी येतो. चॉकलेट आणत नाही.

देओ रोज दुपारी येते. काल मी 'ख' लिहिला. तिने खिडकीकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले. दोन्ही हात मांडीखाली दाबले. चार मिनिटं बसली, काही म्हणाली नाही. चेहरा लाल झाला होता.

मला खिडकीच उघडून हवी होती.

इव्होन